शंभर जुड्या

सुवर्णाला महिन्याला नऊ हजार रुपये मिळणार होते, म्हणजे वर्षाचे एक लाख आठ हजार. तसा आकडा डोळे दिपवणारा नव्हता. अंबडच्या कंपनीत तिला अकरा पडत होते, वर दिवाळीला मिठाईचा डबा. पण हे नऊ हजार तिला तिचा सासरा देणार होता, आणि गोटीराम काकडच्या घरात सुनेला पगार हा प्रकार आजवर कोणी पाहिला नव्हता. सुनेला सणाला साडी दिलेली होती, आजारपणात सलाईन लावलेलं होतं, एकदा तर माहेरी, एकलहऱ्याला जायला सबंध रिक्षा करून दिलेली होती. पगार मात्र नाही.

अर्थात मिळणार होते म्हणजे मिळाले नव्हते. मध्ये गुलाबाच्या शंभर जुड्या होत्या.

हिशोबाला सगळे बसले ते डिसेंबरात, पॅकिंगच्या शेडमध्ये, पालथ्या क्रेटवर. दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस उभं राहून गुलाबाची झाडं कमरेला लागली होती. निम्मे पैसे अनुदानाचे आणि निम्मे रिंगरोडात गेलेल्या जमिनीचे. त्यामुळे डोक्यावर कोणाचं देणं नव्हतं, आणि गोटीरामच्या चालण्यात तेवढा डौल जास्तीचा आला होता. मुंबईच्या एका निर्यातदाराचा माणूस, समाधान, पहिल्या वर्षाचं अंदाजपत्रक मांडायला आला होता. पंचविशी-तिशीतला, स्वच्छ बुटांचा. गोटीरामचा मुलगा स्वराज मांडीवर लॅपटॉप घेऊन आकडे भरत होता.

"झाडं सहा हजार पाचशे," समाधान म्हणाला. "झाडाला वर्षाला चोवीस फुलं धरा. जास्त धरू नका, मन खातं नंतर."

"एक लाख छप्पन्न हजार फुलं," स्वराज म्हणाला आणि स्वतःच दचकला.

"सरासरी सहा रुपये धरा. पावसाळ्यात तीनसुद्धा मिळत नाहीत. पण चौदा फेब्रुवारीच्या मालाला चौदाच्या वर जातं एक फूल."

"किलो?" गोटीरामनं विचारलं.

"एक फूल, तात्या."

तीस वर्षं गोटीरामनं झेंडू आणि शेवंती लावली, पंचवटीतल्या फुलबाजारात गोणीनं ओतली. झेंडू त्यानं चौदा रुपये किलोनं दिला होता, चारनं दिला होता, आणि एका दसऱ्यानंतर गोदावरीच्या कडेला गायींपुढे फुकट टाकला होता. फूल ही मोजायची वस्तू आहे हे त्याला आज, छप्पन्नाव्या वर्षी कळत होतं. तो उठला, पॉलिहाऊसच्या दारातून आत नजर टाकली आणि परत येऊन बसला. पहिल्या गादीवाफ्यावरच्या कळ्या त्यानं मोजल्या होत्या हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं.

"नऊ लाख छत्तीस हजार," स्वराज म्हणाला.

"अगं बाई!" त्याची आई भागुबाई दारात उभी होती, ती खालीच बसली. ती दोन बांगड्यांना किती फुलं लागतील याचा हिशोब करत होती. गोटीराम उरलेल्या जमिनीवर अजून किती पॉलिहाऊस बसतील ते बघत होता. स्वराजला एक पिकअप दिसत होती, पांढरी. समाधानला असली घरं रोज बघायची सवय होती. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "आता खर्च."

खर्च आला तसे चेहरे हळूहळू माणसात आले. खतं, फवारण्या, वीज, खोकी, रबरबँड. तोडणीच्या दोन बायांची मजुरी. स्वराज लिहीत गेला.

"ग्रेडिंगला कोण?" समाधाननं विचारलं. "फुलाची लांबी बघायची, कळी बघायची, डाग बघायचा. ते काम कच्चं राहिलं तर बाकी सगळं फुकट."

"ही हाय ना," गोटीराम सुवर्णाकडे हनुवटी करून म्हणाला.

"मग लिहा," सुवर्णा म्हणाली.

"काय लिहा?"

"मजुरी."

स्वराजची बोटं लॅपटॉपवर थबकली. त्यानं वडिलांकडे पाहिलं नाही, बायकोकडेही नाही. तो कर्सरकडे बघत बसला.

"घरच्या माणसाला कुढं पगार असतो का?" गोटीराम हसत म्हणाला. पाहुण्यासमोर हसणं भाग होतं.

"तात्या, मी अंबडला फायनल इन्स्पेक्शनला होते. केसाएवढा फरक असला तरी पार्ट बाजूला काढायचे. श्रावणात तुम्हीच म्हणालात, दुसऱ्याच्या लोखंडाकडं काय बघती, घरच्या फुलांकडं बघ. नोकरी सोडली. माझे अकरा हजार गेले, ते या खर्चात कुठं दिसतात?"

"घराचा फायदा तो तुझाच ना, बाई?"

"तुमचाही आहे. म्हणून खताचे पैसे लिहायचं सोडलं का?"

भागुबाईच्या तोंडून फिसकन हसू निघालं. तिनं पदर तोंडाला लावला, पण उशीर झाला होता.

गोटीरामनं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "किती म्हणती?"

"नऊ. दोन घरचे म्हणून सोडले."

"बरं. समाधानराव, तुमी साक्षीला. जानेवारीत तुमी चाचणीचा माल नेणार. तो मुंबईला पास झाला तर ही ओळ ऱ्हाईल. नापास झाला तर खोडायची, आन पुन्हा पगाराचं नाव घ्यायचं नाय."

"चालेल," सुवर्णा म्हणाली. "आणि खोडली तर मी पुन्हा अंबडला जाईन. सुपरवायझरचा अजून फोन येतो. तेही लिहा."

"ते कशाला लिहायचं?"

"खोडायचं लिहिताय तर हेही."

स्वराजनं दोन्ही लिहिलं. खालचा फायद्याचा आकडा एक लाख आठ हजारांनी खाली आला, तेव्हा तिथं बसलेल्या तिघांना कुठंतरी चिमटा बसला.

त्यानंतर घरात एकच विषय राहिला. समाधाननं चाचणीला शंभर जुड्या मागितल्या होत्या, जुडीत वीस फुलं, फुलाला नऊ रुपये. गाडी थंड यंत्राची, मुंबईहून रिकामी येणार; शंभर जुड्या भरल्या तर भाडं त्यांचं, कमी भरल्या तर भाडं शेतकऱ्याचं.

काम पहाटे सुरू व्हायचं. बाहेर थंडीनं कान दुखायचे आणि आत प्लास्टिकखाली दहा वाजेपर्यंत पाठीवरून घामाचे ओघळ लागायचे. फुटवे वाकवायचे, बाजूच्या कळ्या चिमटीनं खुडायच्या, आणि वाढत्या कळीवर बारीक जाळीची टोपी चढवायची, म्हणजे कळी फुगते आणि पाकळी फाटत नाही. सुवर्णाच्या मनगटापासून कोपरापर्यंत काट्यांच्या रेघा उठल्या. भाकरीचं पीठ मळताना त्यात मीठ झोंबायचं, तेव्हा भागुबाई न बोलता परात आपल्याकडं ओढून घ्यायची.

गावात टोप्यांची बातमी पोचायला वेळ लागला नाही.

"गोटीरामच्या गुलाबांना थंडी वाजून राह्यली म्हणं," मंडपवाला खंडेराव बांधावरून ओरडायचा. "स्वेटर कव्हा घालणार, तात्या?"

"तुझ्या खुर्च्यांना घातले का सदरे, ते बघ आधी," गोटीराम आतून ओरडायचा. लग्नाच्या खुर्च्यांना पांढरी कापडं घालायचा धंदा खंडेरावचाच होता.

गोटीरामला खरा त्रास टोप्यांचा नव्हता, टेबलाचा होता. ग्रेडिंगच्या टेबलावर लांबीच्या खुणा मारल्या होत्या. तोडलेलं फूल सुवर्णा खुणेला लावायची, देठ फिरवायची, कळी डोळ्यांसमोर धरायची आणि बाजूला टाकायची. त्यानं स्वतः तोडलेली फुलं तर ती हमखास टाकायची.

"हे कामून टाकलं? चांगलं उमललंय की."

"उमललं म्हणूनच टाकलं. कळी बंद पाहिजे तात्या. तिकडं पोचल्यावर उमलायचं आहे."

"बंद कळी म्हणजे कच्चं फूल. कच्चं फूल देवालाबी देत नाय कोणी."

"हे देवाला नाही चाललेलं."

तोडणीच्या बाया खाली मान घालून देठांची पानं काढत बसायच्या. त्यांचे खांदे हलताना गोटीरामला दिसायचे. मग तो टाकलेली फुलं गोणपाटात गुंडाळायचा, त्यावर पाणी शिंपडायचा आणि मोटारसायकलवरून पंचवटीला नेऊन विकून यायचा. तिथं त्याला सगळे ओळखत होते. तिथं उमललेल्या फुलाला कोणी नावं ठेवत नव्हतं.

शिंपडण्यात तर त्याचा हात धरणारा बाजारात कोणी नव्हता. बोटं तांब्यात बुडवायची आणि मनगटाला असा झटका द्यायचा, की पाण्याची नुसती धूळ व्हावी आणि ढिगातल्या प्रत्येक फुलावर बसावी. पहाटे तोडलेला झेंडू त्या पाण्यानं दुपारपर्यंत पहाटेचाच दिसायचा. दहा किलोत पाव-अर्धा किलो पाणीही फुलाच्या भावानं जायचं. पण शिंपडायचं मुख्य कारण ते नव्हे, असं गोटीरामचं म्हणणं होतं, आणि तीस वर्षांत ते कोणी खोडून काढलं नव्हतं.

चाचणीचा दिवस उजाडला तो दाट धुक्यात. दिवे लावून तोडणी केली. कात्रीचा कट्‌ आवाज, बादलीत देठ पडल्याचा आवाज, आणि मधूनच कोणाला तरी काटा लागल्याची शिवी. सूर्य वर येईपर्यंत दोन हजारांवर फुलं बादल्यांमध्ये उभी होती. सुवर्णा टेबलाशी उभी राहिली ती बसलीच नाही. लांबी, कळी, देठ, डाग. वीस मोजायची, डोकी एका पातळीत आणायची, पुठ्ठ्याचा कागद गुंडाळायचा, रबर लावायचं. स्वराज जुड्या मोजत होता आणि मोठ्यानं ओरडत होता, जणू कबड्डीचा स्कोअर सांगतोय.

"एकोणनव्वद! ... नव्वद!"

"ओरडू नका हो, चुकतं माझं," सुवर्णा म्हणायची, पण तिलाही हसू येत होतं.

शंभरावी जुडी बांधली तेव्हा भागुबाईनं तिच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. शंभर लाल जुड्या रॅकवर ओळीनं आडव्या. सगळ्यांची डोकी बंद, गच्च, कोरडी. गोटीरामनं हात मागं बांधून त्यांच्यासमोर एक फेरी मारली, परत एक मारली.

"कंपनीवालीच हाय ही," तो स्वराजला म्हणाला. सुवर्णाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. हे त्याच्या हिशोबानं पुष्कळ झालं.

गाडी यायला वेळ होता. सगळे जेवायला घराकडं गेले, गोटीराम राखणीला थांबला. भागुबाई त्याला पाणी देऊन गेली.

सुवर्णा त्याच्यासाठी पिठलं-भाकरीचं ताट घेऊन परत आली. मागून तोडणीच्या दोघी हात पुसत येत होत्या. शेडच्या दारात ती थबकली. गोटीराम रॅकपुढे उभा होता, हातात तांब्या. बोटं बुडत होती आणि मनगटाला तो झटका बसत होता. वरच्या दोन फळ्या चकाकत होत्या. पाकळ्यांवर थेंब, कागदातून ओघळ, पुठ्ठा भिजून काळा पडत चाललेला. तोंडानं तो काहीतरी गुणगुणत होता. एवढ्या खुशीत तिनं त्याला पॉलिहाऊस झाल्यापासून पाहिलं नव्हतं.

ताट हातातच राहिलं. शंभर जुड्या तिच्या हातून कोरड्या गेल्या होत्या, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. पण कागदावर कोणाच्या हातून काय गेलं असं काही लिहिलेलं नव्हतं. पास किंवा नापास, एवढंच लिहिलेलं होतं.

"तात्या, पाणी थांबवा!"

मनगट हवेत थांबलं. थेंब एका जुडीवर पडले.

"काय झालं?"

"ओली झाली."

"ओलीच तर करून राह्यलोय. वाळून गेली व्हती बिचारी."

"तात्या, पाकळीत पाणी राहिलं की बंद खोक्यात बुरशी धरते. मुंबईला उघडली की करडी निघतील. सगळीच्या सगळी."

गोटीरामनं तांब्याकडं पाहिलं. तांब्या एकदम जड झाल्यासारखा त्यानं तो खाली ठेवला. मागं बाया उभ्या होत्या. या वेळी त्यांचे खांदे हलत नव्हते. त्याला ते जास्त लागलं.

"किती केल्या?" सुवर्णानं विचारलं.

"निम्म्या. जरा जास्तच."

तिनं ताट क्रेटवर ठेवलं आणि पदर खोचला. "अहो!" तिची हाक घरापर्यंत गेली. "पंखे आणा! घरातले सगळे पंखे!"

पुढचा प्रकार गावानं बरेच दिवस चवीनं सांगितला. स्वराज तोंडातला घास तसाच घेऊन धावला. घरात टेबलफॅन दोन निघाले, एकाचं पातं तुटलेलं. मग गोटीराम स्वतः, पायांत चप्पल नाही, बांध उतरून खंडेरावच्या गोदामाकडं पळाला. छप्पन्न वर्षांच्या माणसाला एवढं जोरात पळताना पाहून कुत्री बाजूला झाली.

"खंड्या, मंडपाचे मोठे पंखे काढ!"

"जानेवारीत? काल थंडी वाजत व्हती, आज उकडाय लागलं का गुलाबांना?"

"काढ रे बाबा. हात जोडतो."

गोटीरामनं हात जोडलेले खंडेरावनं कधी पाहिले नव्हते. त्यानं पुढचा विनोद गिळला आणि छोट्या टेम्पोत पाच पंखे टाकले.

शेडमध्ये एव्हाना ओल्या जुड्यांचे कागद सुटले होते. सुवर्णा, भागुबाई आणि दोघी बाया देठ मुठीत धरून फुलं उलटी करत होत्या, हळूच झटकत होत्या. पंखे लागले आणि शेडमध्ये वावटळ सुटली. कागद उडाले, पदर उडाले, गोटीरामची टोपी उडून बादलीत पडली.

"लांब धरा, पाकळी फाटेल!"

"ह्याला वारा लागंना!"

"कानात घालायचा तो कापूस आणा आई, पाणी टिपायला!"

खंडेरावही टोपी कमरेला खोचून एक जुडी उलटी धरून उभा राहिला, अगदी तान्हं पोर धरल्यासारखी. "माझ्या लग्नातबी मी येवढी फुलं हातात घेतली नव्हती," तो म्हणाला, आणि त्या पंख्यांच्या आवाजात सगळे हसले. गोटीराम तेवढा हसला नाही. तो खालच्या फळीशी गुडघ्यावर बसला होता आणि एकेका कळीच्या बुडाशी कापसाचं टोक टेकवत होता. तीस वर्षं पाणी घातलेल्या बोटांनी पाणी काढत होता.

गाडी आली तेव्हा जुड्या परत बांधून झाल्या होत्या. समाधाननं पंखे पाहिले, खंडेरावला पाहिलं. एकेक जुडी उचलून तो तिची डोकी आपल्या गालाला लावायला लागला. गालाला ओल हातापेक्षा लवकर कळते. लावली की उजवीकडे. मधूनच एक डावीकडे.

डावीकडे अठरा झाल्या.

"पाणी कोणी मारलं?" समाधाननं विचारलं.

पंखे बंद केलेले होते, त्यामुळे प्रश्न सगळ्यांना नीट ऐकू गेला. सुवर्णानं रबरबँडचा डबा उगाच उघडला आणि लावला.

"म्या मारलं," गोटीराम म्हणाला.

समाधाननं मान हलवली. "ब्याऐंशी नेतो. शंभर नाहीत, भाडं तुमच्याकडून कापावं लागेल. पास-नापास परवा मुंबईहून कळेल."

ते दोन दिवस घरात भांड्याचा आवाजही हळू झाला. सुवर्णानं सुपरवायझरचा नंबर मोबाईलमध्ये एकदा उघडून पाहिला. गोटीराम पॉलिहाऊसच्या दाराशी बसून राहायचा, आत जायचा नाही. त्याची गोणपाटं कोरडी पडली होती.

फोन आला तेव्हा स्वराज फवारणीच्या टाकीवर चढलेला होता. तिथूनच त्यानं स्पीकर लावला.

"ब्याऐंशीच्या ब्याऐंशी पास. एकही परत नाही. वरून विचारलंय, ग्रेडिंग कोणी केलं. महिनाअखेरीपासून मिळेल तेवढा माल द्या, फेब्रुवारीचा भाव धरून."

स्वराजनं टाकीवरून उडी मारली ती थेट चिखलात. तोडणीच्या बायांनी टाळ्या पिटल्या. भागुबाईनं सुवर्णाचं तोंड दोन्ही हातांत धरून कानशिलांवर बोटं मोडली, आणि कडाकड एवढी मोडली की खंडेराव बांधावरून ओरडला, "काय फटाके का तात्या?"

"फटाकेच!" गोटीराम ओरडला. मग सुनेकडं वळून, जमिनीकडं बघत म्हणाला, "ओळ ऱ्हाऊ दे."

संध्याकाळी पुन्हा क्रेट पालथे झाले. स्वराजनं लॅपटॉप उघडला. अठरा जुड्यांचे तीन हजार दोनशे चाळीस, भाडं चार हजार. ओल्या जुड्या पंचवटीत सुट्या विकून आलेले चारशे चाळीस वजा. नुकसान सहा हजार आठशे.

"हे कुठं टाकू?" तो पुटपुटला. "ग्रेडिंगमधली घट म्हणू?"

"ग्रेडिंग झालं तेव्हा शंभर कोरड्या होत्या," सुवर्णा म्हणाली.

"तिच्यात नको टाकू," गोटीराम म्हणाला. "चूक माझी हाय. माझ्या पगारातून काप."

स्वराज वर बघायला तयार नव्हता. "तात्या, तुम्हाला पगारच नाही."

"मंग लाव. लावल्याबिगर कापणार कुठून?"

सुवर्णा अशी हसली की तिला क्रेटला धरावं लागलं. हसू ओसरल्यावर घासाघीस झाली. गोटीराम सुनेएवढे नऊ मागत होता. सुवर्णानं विचारलं, काम काय? राखण, आणि ठिबकला पाणी सोडणं. पाच.

"पाच? मी मालक हाय!"

"मालकाचा तो खालचा आकडा. हा कामाचा."

पाचावर ठरलं. खालचा आकडा अजून साठ हजारांनी उतरला, पण या वेळी कोणाला चिमटा बसलेला दिसला नाही.

"पहिला महिना सबंध कापला," स्वराज म्हणाला, "तरी अठराशे उरतात."

भागुबाई उठून घरात गेली. परत आली ती मूठ बांधून, आणि लॅपटॉपच्या शेजारी नोटा ठेवल्या. गजरे विकून साठवलेल्या, दहाच्या, विसाच्या, पन्नासच्या.

"तू कशापायी?" गोटीराम म्हणाला.

"तांब्या म्या भरून दिला व्हता," ती म्हणाली. "फुलं सुकत्याल, मारा पाणी, हेबी मीच म्हणले. तुमी तर नुसते बसले व्हते."

स्वराजनं नोटा मोजल्या आणि हिशोब मिटवला. सुवर्णाकडून काही नाही. स्वराजकडून काही नाही. गोटीरामकडून पाच हजार, आयुष्यातला पहिला पगार, हातात न येताच गेलेला. उरलेले अठराशे भागुबाईकडून. रोख भरणारी ती एकटीच होती, आणि अंदाजपत्रकात तिच्या नावाची ओळ नव्हती.